अंग जागेवर आहे

रोपवाल्या काकूंचं अंग बाहेर येत होतं, ही गोष्ट त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणालाही माहीत नव्हती. घरात या प्रकाराला 'तो त्रास' म्हणत. 'तो त्रास' आहे म्हणून काकू लांबच्या प्रवासाला येत नाहीत, शिंक आली की आधी पाय आवळून घेतात आणि मग शिंकतात, हसताना भिंतीला टेकतात. अशा रीतीने तो त्रास कुटुंबाच्या अंगवळणी पडला होता. फक्त तो ज्या अंगाचा होता त्याचं नाव घेण्याची पद्धत नव्हती.

घरामागच्या जागेत काकूंची रोपवाटिका होती. दोन बाळंतपणं आणि त्यानंतर आयुष्यभर उचललेल्या कुंड्या, एवढंच त्या त्रासाचं कारण. ओल्या मातीची मोठी कुंडी उचलली की दुपारपर्यंत मांड्यांच्या मधे कुणीतरी लिंबू ठेवून विसरून गेल्यासारखं वाटायचं. मग काकू शेडच्या मागे जायच्या, बोटांनी ते आत सारायच्या, हात साबणाने धुवायच्या आणि परत येऊन गिऱ्हाइकाला विचारायच्या, "गुलाब लाल हवा की पिवळा?"

काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. रस्त्यात कुठे थेंबभर गळती दिसली तरी ते खात्याला फोन करून हैराण करत. घरातली गळती मात्र खासगी बाब असल्यामुळे ते तिच्यात लक्ष घालत नसत. एकदा काकूंनी धीर करून सांगितलं, "अहो, माझं अंग खाली येतंय." काकांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं आणि म्हणाले, "मग जरा विश्रांती घे." त्या दिवशी काकूंच्या पन्नास कुंड्या गाडीत चढवायच्या होत्या.

शेवटी काकू एकट्याच गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी तपासलं आणि एक मऊ रबरी कडी आत बसवून दिली. शिवाय खालचे स्नायू आवळायचे-सोडायचे व्यायाम शिकवले आणि जड उचलू नका म्हणून बजावलं. कडी अधूनमधून काढून धुवायची, परत बसवायची. काकूंना बरंच बरं वाटलं. इतकं, की त्या भिंतीला न टेकता हसल्या. ही चूक झाली. कारण ते हसणं धाकट्या जावेने पाहिलं आणि कारण विचारलं.

"कडी?" जाऊ म्हणाली. "ताई, आपण काय गाईम्हशी आहोत?"

या जावेने मागेच गुडघा बदलून घेतला होता. तेव्हापासून तिचा जुन्या अवयवांवरचा विश्वास उडाला होता. कुणाकडे बाहेरचं काय आहे आणि कोणत्या कंपनीचं आहे, यावरून ती माणसाची पायरी ठरवत असे. "हल्ली सगळ्या जाळी बसवून घेतात," ती म्हणाली. "माझ्या ओळखीतल्या तिघींना बसलीये. आणि तू अजून कडीवर! भावजींना काय वाटेल?"

भावजींना काहीच वाटत नव्हतं, कारण त्यांना काहीच विचारलेलं नव्हतं. पण गोष्ट एकदा 'भावजींना काय वाटेल' इथवर आली की घरात हालचाल सुरू होते. आठवडाभरात काका, काकू आणि जाऊ मोठ्या इस्पितळात हजर झाले.

तिथल्या स्त्रीरोग विभागाला आता 'स्त्री-आत्मविश्वास केंद्र' म्हणत. दारावरच्या पोस्टरमध्ये पांढरी विजार घातलेली एक बाई हवेत उडी मारत होती. ती जेमतेम पंचविशीची होती आणि तिचं काहीही बाहेर येण्याचा संभव नव्हता.

तिथले मुख्य डॉक्टर, मोठे सर, प्रसन्न गृहस्थ होते. त्यांनी टेबलावर प्लास्टिकची नाजूक, पारदर्शक जाळी ठेवली आणि तिच्यावरून मायेने बोट फिरवलं. "अंग आत ढकलायचं आणि त्याच्या खाली ही ताणून बसवायची. झोळीत बाळ ठेवतात ना, तसं. ही शरीराशी एकजीव होते. पुन्हा नाव नको."

"आणि नको झाली तर काढता येते?" काकूंनी विचारलं.

मोठे सर खळखळून हसले. "घर बांधताना पाडायचं कसं, असं कुणी विचारतं का?"

मग ते काकांकडे वळले आणि पुरुषाने पुरुषाशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "तुम्हालाही काही जाणवणार नाही, काळजी नको." काकांनी घसा खाकरला आणि छताच्या पंख्याचं निरीक्षण केलं. संमती झाली.

शस्त्रक्रिया तासाभरात आटोपली. मोठे सर बाहेर येऊन काकांना म्हणाले, "अंग जागेवर आहे." काकांनी त्यांचा हात हातात घेतला. जावेने पेढ्यांऐवजी बिनसाखरेची बिस्किटं वाटली, कारण गुडघ्याला वजन चालत नव्हतं.

काकू घरी आल्या आणि बसायला गेल्या. तेव्हापासून त्यांच्या आयुष्याचे दोन भाग पडले, बसता येत होतं तेव्हाचा आणि नंतरचा. खुर्चीला पाठ टेकवून खाली गेलं की आतून कुणीतरी काटेरी तार ओढल्यासारखं व्हायचं. एका कुल्ल्यावर कलून पाहिलं, दुसऱ्यावर पाहिलं. लहान मुलांची पोहायची हवेची ट्यूब आणून तिच्यावर बसून पाहिलं. ट्यूबवर बदकांची चित्रं होती. रोपवाटिकेत गिऱ्हाईक आलं की काकू चटकन उठून उभ्या राहत आणि बदकं पायाने फडक्याखाली ढकलत. त्या जेवत उभ्याने, कलमं बांधत उभ्याने. मधूनच कपड्यावर रक्ताचा डाग दिसे, पाळी बंद होऊन जमाना झाला असताना.

"होतं थोडं," मोठे सर पहिल्या वेळी म्हणाले. दुसऱ्या वेळी त्यांनी पडदा ओढला, तपासलं आणि म्हणाले, "उत्तम! अंग जागेवर आहे."

"अंग जागेवर आहे हो सर, पण मलाच एका जागेवर बसता येत नाही."

"तो वेगळा विषय झाला," मोठे सर म्हणाले. "आमच्या विभागाचं उद्दिष्ट अंग जागेवर आणणं हे आहे. ते साध्य झालंय. दुखणं हा अनुभव आहे. अनुभवाची मोजणी आम्ही करत नाही."

काकूंनी दुखणं दहापैकी नऊ सांगितलं. तिथल्या मुलीने तीन टिपून घेतलं आणि प्रेमाने समजावलं, "बायका थोडं वाढवून सांगतात ना मॅडम, म्हणून आम्ही सहा वजा करतो. सगळ्यांचंच करतो, तुमचं एकटीचं नाही."

तरी तक्रार राहिली म्हणून काकूंना इतरत्र पाठवण्यात आलं. पाठीच्या विभागाने पाठ चांगली असल्याचं कळवलं. लघवीच्या विभागाने लघवीचं कौतुक केलं. शेवटी मनाचा विभाग आला. तिथल्या तरुण बाईंनी दिवे मंद केले आणि विचारलं, "काकू, तुम्ही जाळीला परकी समजताय का? तिच्याशी मैत्री करा. तिला एखादं छान नाव द्या." काकूंनी घरी येऊन जाळीला धाकट्या जावेचं नाव दिलं. दुखणं कमी झालं नाही. पण ते कशामुळे होतंय, ते चारचौघांत मोठ्याने सांगता येऊ लागलं, एवढा फायदा झाला.

मग प्रकरण समाधान अधिकारी बाईंकडे गेलं. त्या पदाचं काम रुग्णांचं समाधान करणं हे नसून समाधान झाल्याची खात्री करणं हे होतं. त्यांच्या टेबलावर चेहऱ्यांची बटणं असलेलं यंत्र होतं, खूप हसरा, हसरा, बराचसा हसरा. रडका चेहराही होता, पण तो दाबला की यंत्र बंद पडे आणि दुरुस्तीचा माणूस येईपर्यंत बसून राहावं लागे. काकूंना बसता येत नसल्यामुळे त्यांनी 'बराचसा हसरा' दाबला.

"थँक यू मॅडम!" अधिकारी बाई उठून उभ्या राहिल्या. त्या मनापासून आनंदल्या होत्या. "एक फोटो घेऊ? बसा ना."

"नको, उभीच बरी आहे."

पुढच्या महिन्यात आत्मविश्वास केंद्राच्या दारावरचं पोस्टर बदललं. उडी मारणारी बाई गेली आणि तिथे काकू आल्या, एका हातात फावडं, दुसरा हात कमरेवर. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'जाळीनंतर काकूंना बसायला वेळच नाही!'

जावेने त्या पोस्टरसमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला.

हे सगळं होत असताना काका घरातच होते. त्यांना वाटत होतं, आपली बायको आपल्यावर रुसली आहे. पलंगावर त्या त्यांच्याकडे पाठ करून, पायांत उशी घेऊन निजत. काका दिवा मालवत आणि उगाचच म्हणत, "आज गरम होतंय, नाही?" काकू म्हणत, "हो." थंडीतही त्यांचं हेच बोलणं चाले. एकमेकांची आठवण दोघांनाही येत होती. पण एकाच पलंगावर पडलेल्या माणसाला तुझी आठवण येते म्हणून सांगणार कसं, हा प्रश्न होता.

एका रविवारी दुपारी रोपवाटिका बंद होती. काका घरात शिडी धरून होते, काकू वरच्या खिडकीचा पडदा लावत होत्या. उतरताना त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो लगेच काढला नाही. काकांनी वर पाहिलं. काकू म्हणाल्या, "बघू या का?"

"तुला त्रास..."

"हळू बघू या."

त्यांनी हळूच बघितलं. काका जपून वागणारा माणूस. त्या दुपारी तर ते काचेचं भांडं हाताळावं तसे वागत होते. काकूंनी दात आवळून घेतले होते, आणि थोडं बरंही वाटत होतं. आणि मग एकाएकी काका असे काही ओरडले की शेजारच्यांचा कुत्रा भुंकू लागला.

"आई गं! आई आई आई!"

ते पलंगाच्या कडेला जाऊन बसले आणि खाली वाकून पाहू लागले. नको तिथे, अगदी नको तिथे, एक लालभडक ओरखडा उठला होता. त्यावर रक्ताचा एक थेंब टचकन वर आला.

"अगं, आत काय आहे काय? खिळा आहे का खिळा?"

"जाळी," काकू म्हणाल्या.

"जाळी अशी टोचते?"

"वर्ष झालं सांगतेय."

"मला वाटलं..." काका रुमाल दाबून धरत म्हणाले. "मला वाटलं, तुझं आपलं दुखतंय."

हे बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचं वाक्य ऐकू आलं. 'तुझं आपलं.'  मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे हे... बसलीस की असं होतं?"

"बसले की. उठले की. खोकले की."

"आत्ता पण?"

"आत्ता पण."

काकांनी पलंगाशेजारी उभ्या असलेल्या काकूंकडे पाहिलं. मग त्यांनी पँट चढवली, अर्थात जपून, आणि म्हणाले, "चल. ऊठ. नाही, उभीच आहेस. चल."

इस्पितळाच्या नोंदणीच्या खिडकीवर माणसाने न बघता विचारलं, "कुणाला दाखवायचंय?" काका म्हणणार होते, हिला. पण पाणीपुरवठा खात्यातली हयात त्यांनी उगाच घालवली नव्हती. कोणत्या तक्रारीने नळ उघडतो, हे त्यांना कळत होतं. ते म्हणाले, "मला. जखम झालीये."

"कुठे?"

काका वाकून कानात बोलले. खिडकीतला माणूस ताडकन उभा राहिला आणि त्याच्याही नकळत त्याने पाय जुळवले. क्षणार्धात चाकाची खुर्ची आली. काकांना तीत बसवलं. काकू मागून पिशवी घेऊन चालत गेल्या.

तीन डॉक्टर धावत आले. मोठे सर रविवारचं जेवण अर्धवट टाकून आले. "दुखणं किती? एक ते दहा?" काका प्रामाणिक होते. म्हणाले, "दोन असेल." तिथल्या मुलीने आठ टिपून घेतलं. "पुरुष कमी करून सांगतात ना सर, म्हणून आम्ही सहा मिळवतो." धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. थंड पट्टी आली. समाधान अधिकारी बाई घरच्या कपड्यांतच आल्या आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "सर, आपल्याला जो त्रास झाला..."

प्रकरणाची नोंद झाली. रुग्ण: पती. दुखापतीचं कारण: धारदार परकी वस्तू. घटनास्थळ: पत्नी.

दुसऱ्याच दिवशी समिती बसली. वर्षभरात जे तज्ज्ञ काकूंना एकेकटे सापडले नव्हते ते सगळे एका खोलीत होते. अध्यक्षांनी ठरवलं, प्रथम स्थळपाहणी व्हावी. काकू टेबलावर आडव्या झाल्या, दिवा लावला गेला, आणि पाच जण गंभीर चेहऱ्याने वाकले. एका तज्ज्ञाने चिमट्याने स्पर्श केला तशा काकू कळवळून सरकल्या. अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले, "घटनास्थळाने कृपया स्थिर राहावं."

जाळीची कड त्वचा कापून स्पष्ट बाहेर आली होती. ती शोधायला तज्ज्ञही लागला नसता, नुसता दिवा पुरला असता. "आश्चर्य आहे!" अध्यक्ष म्हणाले. "आधी कुणी कसं सांगितलं नाही?"

"मी सांगत होते," दिव्याच्या पलीकडून आवाज आला.

अध्यक्षांनी तो आवाज कुठून आला ते पाहिलं आणि समजावून सांगितलं, "ताई, तुम्ही रुग्ण होता. रुग्णाचं म्हणणं हे लक्षण असतं. यजमानांचं म्हणणं ही तक्रार असते. लक्षणावर आम्ही लक्ष ठेवतो. तक्रारीवर कारवाई करतो."

उपायांची चर्चा दीर्घ झाली. एकाने सुचवलं, यजमानांना संरक्षक आवरण द्यावं. दुसऱ्याने सुचवलं, यजमानांना कोन बदलण्याचं प्रशिक्षण द्यावं. तिसऱ्याने विचारलं, घटनास्थळावर धोक्याची सूचना लावता येईल का. काका एका कोपऱ्यात बसले होते, आणि बसता येतं याचीच त्यांना लाज वाटत होती. त्यांनी उभं राहून विचारलं, "ती जाळी काढूनच का टाकत नाही?"

सगळे मोठ्या सरांकडे वळले. मोठे सर म्हणाले, "घालायचं प्रशिक्षण झालंय आमचं. काढायचं अजून आलेलं नाही."

पण प्रश्न एका पुरुषाच्या अवयवाचा होता. बाहेरगावाहून काढणारे सर्जन बोलावण्यात आले. तासाभरात घातलेली जाळी काढायला सबंध दुपार गेली. शरीराशी ती खरोखरच एकजीव झाली होती, तेवढं खरं होतं. ती तुकड्यातुकड्यांनी निघाली. एक तुकडा खोल रुतला होता. त्याबद्दल समितीने शेरा दिला: 'उरलेला भाग यजमानांच्या मार्गात येत नाही. सबब तो राहू द्यावा.'

इस्पितळाने काकांना लेखी दिलगिरी आणि फुलांचा मोठा गुच्छ पाठवला. काका म्हणाले, "हे हिला द्या." आणणारा माणूस गोंधळला. "मॅडमचं नाव नाहीये सर यात."

काकू पुन्हा बसू लागल्या. फार नाही, डाव्या अंगावर कलून, भाजी निवडून होईपर्यंत. अंग पुन्हा खाली आलं आणि गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी काही एक न बोलता पुन्हा कडी बसवली. बदकांची ट्यूब माळ्यावर गेली. एवढ्यावर हे प्रकरण मिटायला हरकत नव्हती.

पण टाके दाखवायला म्हणून दोघं एकदा आत्मविश्वास केंद्रात गेले. तिथल्या खोलीत खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. भिंतीला टेकून, खांबाला टेकून, खिडकीचा गज धरून बायका उभ्या होत्या. समाधान अधिकारी बाई कुणा पाहुण्यांना सांगत होत्या, "आमच्याकडे गर्दी अशी नसतेच. बघा, सगळ्या खुर्च्या रिकाम्या."

काकूंना पोस्टरवरून सगळ्यांनी ओळखलं. त्यातल्या एक, वाचनालयात काम करणाऱ्या बाई, जवळ आल्या. "तुमची काढून दिली म्हणे. कसं काय?"

"यांना लागलं."

"हं." वाचनालयाच्या बाई म्हणाल्या. "माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मी एकटीच असते." मग त्या कसंनुसं हसल्या. "माझी कुणाला लागायची?"

 काकूंनी नुसतं काकांकडे पाहिलं. काकांनी वर पाहिलं, पण या छताला पंखा नव्हता.

ते नोंदणीच्या खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "मला पुन्हा लागलंय."

"अरेरे! मॅडमचीच का परत?"

"नाही," काका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "या बाईंची."

खिडकीतल्या माणसाने वाचनालयाच्या बाईंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि तोंड वाकडं केलं. मग काकांकडे वळून हळहळला, "बसा सर, बसा." आणि खुर्ची मागवली. जखम कुठे आहे हे कुणी तपासलं नाही. पुरुष असल्या बाबतीत खोटं कशाला बोलेल, असं सर्वांचं मत पडलं. स्थळपाहणी मात्र बारकाईने झाली आणि कड बाहेर आलेली सापडली.

त्या हंगामात वाचनालयाच्या बाई धरून काका चौघींकडून जखमी झाले. त्यात एक शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि एक काकांपेक्षा वयाने मोठ्या आजी. नातेवाइकांत बोभाटा झाला. पुरुष म्हणाले, "या वयात! मानलं पाहिजे." बायका त्या चौघींबद्दल जे म्हणाल्या ते इथे देत नाही. जाऊ रडत आली. "भावजी असे निघतील असं वाटलं नव्हतं. ताई, तू गप्प कशी?"

"मीच नेते त्यांना," काकू म्हणाल्या. "रिक्षाने."

संध्याकाळी फिरायला जाणारे काकांचे मित्र आता त्यांच्या पाठीवर थाप मारत आणि डोळा मिचकावत. काका फिरायला जाईनासे झाले. रोपवाटिकेत येऊन ते माती चाळू लागले, कुंड्या उचलू लागले. एकदा काकूंनी विचारलं, "वाईट वाटतं ना हो?"

"वाटतं की," काका चाळणी हलवत म्हणाले. "तो माणूस खिडकीतून बघतो ना त्या बायकांकडे, त्याचं जास्त वाटतं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मला एकदाच टोचलं गं. अजून झोपेत दचकतो मी. तू वर्षभर गुलाब विकत होतीस."

काकूंनी हातातली कुंडी त्यांच्याकडे दिली आणि त्यांनी ती उचलून फळीवर ठेवली.

इस्पितळानेही धडा घेतला. एकाच गृहस्थाच्या पाच दुखापती म्हटल्यावर प्रकरण वरपर्यंत गेलं आणि धोरण बदललं. नव्या जाळीच्या कडा गोल करण्यात आल्या. तिची चाचणी रीतसर झाली, यजमानांवर, आणि एकाही यजमानाला ओरखडा आला नाही. तिचं नाव 'पतिस्नेही जाळी'. बायकांना ती टोचते की नाही, हा अनुभवाचा भाग असल्यामुळे मोजला गेला नाही. जावेने नंबर लावून ठेवला आहे. तिला 'तो त्रास' नाही, पण नंतर मिळेल न मिळेल.

काकू ही सगळी हकीकत रोपवाटिकेत येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगतात. पूर्वी नाव घेत नसत, आता अंगाचं नाव घेऊन सांगतात. खालून, सुरुवातीपासून. लिंबासारखं लागायचं ते, शेडमागे जाऊन बोटाने आत सारणं, उभ्याने जेवणं, रक्ताचे डाग, नवातून सहा वजा होणं, पाच जणांनी दिवा लावून वाकणं, आत राहिलेला तुकडा. गिऱ्हाईक मान डोलावतं, मोगऱ्याची पानं उलटून बघतं, "अरेरे" म्हणतं, मधेच विचारतं, "याला पाणी रोज घालायचं का?" मग काकू रविवारच्या दुपारपाशी येतात. तिथे बाई असो की बापया, प्रत्येकाचे गुडघे एकदम जुळतात, चेहरा पिळवटतो आणि तोंडातून आपोआप निघतं, "आई गं!"

काकू खुरपं थांबवून तेवढं बघतात. त्यांच्या पाहण्यात अजून असं एकही गिऱ्हाईक नाही जे त्या दुपारच्या आधी कळवळलं.

वाचकांना त्या काही विचारणार नाहीत. पण रविवारची दुपार वर लिहिलेली आहे आणि तिच्याही वर काकूंचं सबंध एक वर्ष आहे. आपले गुडघे कुठे जुळले, तेवढं ज्याचं त्याने, आरामात बसल्याबसल्या, आठवून पाहावं.